कारवानी कुत्रा घेताना जातिवंत लक्षणे कशी ओळखावीत?

पिंपळगाव राजा परिसरात शेतराखणीसाठी कारवानी कुत्रा घेणार असाल, तर रंगावर किंवा विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. अंगाची ठेवण पाहा. वासापेक्षा नजरेने सावज हेरून धावणारी ही जात आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जोपासली, म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात.

ओळखीच्या खुणा

• डोके : लांब, अरुंद, तोंड नाकाकडे निमुळते.
• कान : कवटीलगत लोंबते. मोठ्या कुत्र्याचे कान ताठ उभे असतील तर संकराची शंका घ्यावी.
• छाती : खोल; पोट आत ओढलेले.
• पाय : लांब, सरळ.
• शेपटी : लांब, निमुळती, किंचित बाकदार, पाठीवर गुंडाळलेली नसावी.
• केस : आखूड, मऊ. कान व शेपटीवर रेशमी झालर असल्यास तो पश्मी प्रकार.
• उंची : नराची खांद्यापाशी साधारण 70 सेंमी; मादी थोडी कमी.

सडपातळ की उपाशी?

निरोगी कुत्र्याच्याही शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात, पण कंबर व मांड्या भरीव असतात. त्याला चारून लठ्ठ करू नका. मांड्या ओसरल्या असतील तर जंतांची तपासणी करून घ्या.

लहान पिलात ही लक्षणे पूर्ण उतरलेली नसतात. म्हणून आई-बाप पाहूनच सौदा करा. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्या. ससा, हरीण यांच्या शिकारीसाठी कुत्रा सोडणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे.