सुट्या कामाचा दर

दर काय घ्यावा, हा प्रश्न घेऊन आजवर आमच्याकडे हमाल येत, विडी कामगार येत, यंत्रमागवाले येत. अलीकडे एक नवीच मंडळी येऊ लागली आहे. ही मुले-मुली घरी बसून जाहिरातीचा मजकूर लिहितात, मालिकांची उपशीर्षके करतात, यूट्यूबसाठी व्हिडिओ कापतात-जोडतात, इन्स्टाग्रामवर एखाद्या साबणाची शिफारस करतात. त्यांना मालक एक नाही, दहा आहेत. हजेरीपत्रक नाही आणि पगारी रजाही नाही. स्वतःला ती कामगार म्हणवीत नाहीत, फ्रीलान्सर म्हणवितात. नावाबद्दल आमचे भांडण नाही. कोणी शब्दावर दर सांगतो, कोणी मिनिटावर, कोणी नगावर, कोणी काम उक्तेच घेतो. माप कोणतेही असो, त्याच्या मुळाशी दिवसाचा हिशेब असावा लागतो, आणि चूक होते ती तेथेच.

समजा, एका मुलीला घरखर्चासाठी महिना ४०,००० रुपये हवेत. ती त्यास तीसने भागते आणि दिवसाचे १,३३३ रुपये सांगून मोकळी होते. आता पुढे पाहा. वर्षाचे ३६५ दिवस. ५२ रविवार गेले, सणवार, आजारपण, घरचे कार्य यांत आणखी तेहतीस गेले. राहिले २८०. यांतले कित्येक दिवस काम शोधण्यात, नमुने पाठविण्यात, फुकटच्या दुरुस्त्यांत आणि बिलासाठी फोन करण्यात जातात. पैसे मिळतील असे दीडशे दिवस भरले तरी पुष्कळ. १,३३३ प्रमाणे त्यांचे होतात सुमारे दोन लाख. संगणक, इंटरनेट, वीज, सॉफ्टवेअरची वर्गणी यांना वर्षाला १,२०,००० धरले, तर घरात येतात ८०,०००. हवे होते ४,८०,०००. दोन्ही खर्च भागवायचे तर सहा लाखांस दीडशेने भागावे लागेल : दिवसाचे ४,०००. हे आकडे आम्ही उदाहरणादाखल धरले आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत. कारखान्यातल्या माणसाची रजा आणि भविष्यनिर्वाह निधी मालकाच्या खात्यावर असतो. येथे तो दरातच बसवावा लागतो, एवढे लक्षात घ्यावे.

दराचा दुसरा भाग वापराचा. व्हिडिओ एक महिना चालणार की तीन वर्षे, यावर किंमत बदलली पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी लिहून द्यावे लागतात, आणि त्या लेखात मुदत नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश नसेल तर भारतापुरता. मात्र एक खोच आहे. सुट्या लेखकाचा लेख मुळात त्याचाच. पण मोबदला देऊन काढवून घेतलेले छायाचित्र वा चित्रपट, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा ठरतो. म्हणून कॅमेरा धरणाऱ्याने कामाआधीच लिहून घ्यावे.

आता दर एकमेकांस सांगण्याविषयी. आमच्या ओळखीच्या दोघींनी एकाच कंपनीसाठी उपशीर्षके केली. एकीला मिनिटाला दुसरीच्या निम्मे मिळत होते आणि हे त्यांना दीड वर्षाने कळले. "आपला दर सांगणे असभ्य" ही समजूत कोणाच्या सोयीची आहे, हे नाक्यावरच्या गवंड्याला समजावून सांगावे लागत नाही. तो सकाळी शेजाऱ्याला विचारूनच भाव बोलतो. माथाडींचेही असेच झाले. भाव मुकादमाच्या पोटात होता तोवर हमाल हतबल होता. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे आली, आणि मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. ब्रिटनमधील पत्रकार संघटनेच्या लंडनच्या फ्रीलान्स शाखेने सोपी वाट काढली : कोणत्या कामाला किती मिळाले हे सभासद कळवितात, शाखा ते निनावी छापते.

येथे एक सावधगिरी हवी. काल किती मिळाले हे सांगणे वेगळे. उद्यापासून या भावाखाली कोणीच उतरायचे नाही असा करार करणे वेगळे. २००२ च्या स्पर्धा कायद्याचे कलम ३ स्वतंत्र व्यावसायिकांनी आपसांत भाव बांधण्याच्या आड येते. हॉलंडमधील बदली वादकांच्या किमान मानधनाचा वाद २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयापुढे गेला. नावाला स्वतंत्र पण वस्तुतः नोकरासारखे राबणारे, त्यांना तेथे संरक्षण मिळाले. २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने एकट्याने काम करणाऱ्यांच्या सामूहिक बोलणीसाठी मार्गदर्शक तत्त्वेच काढली. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगार हा शब्द कायद्यात आणला खरा, पण तो विमा-कल्याणापुरता. दराची बोलणी त्यात नाहीत. ती लढाई व्हायची आहे.

तोवर हाती असलेले हत्यार वापरावे. ठरलेला दर सहा महिन्यांनी मिळाला तर तो ठरलेला दर नव्हे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली सेवा देणारा एकटा माणूसही उद्यम नोंदणी करू शकतो, आणि तिला शुल्क नाही. नोंदणी झालेल्याचे पैसे, लेखी मुदत ठरली असेल तरी, ४५ दिवसांपलीकडे लांबविता येत नाहीत. मुदत ठरलीच नसेल तर पंधरा दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक आणि देय तारीख घालायला एक ओळ पुरते.