माळवलीहून माजघरात

एकोणिसाव्या शतकात तैलचित्र हा राजवाड्यांचा ऐवज होता. साध्या घराच्या भिंतीवर चित्र आलं ते छापखान्यांमुळे. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये चित्रशाळा काढली. तिथलं शिळाछापाचं रामपंचायतन घरोघरी गेलं.

पण नामांकित चित्रकाराचं चित्र विकत घेऊन, काच लावून टांगायची सवय लागली ती राजा रविवर्मांमुळे. चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या, असा सल्ला बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांना दिला होता. रविवर्मांनी त्यापुढे जाऊन १८९४ मध्ये मुंबईतच छापखाना घातला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. ठसा जरा सरकला की चेहरा बिघडलाच. शेवटी व्हर्निशचा हात देऊन कागदाला तैलरंगाची चकाकी आणत.

तसबीर घरी आल्यावर बायकांनी त्यात आपली कला ओतली. लक्ष्मी-सरस्वतीच्या लुगड्यांवर खरी जर, टिकल्या, मणी शिवले आणि मग ती काचेत बसवली. अशा सजवलेल्या प्रती आज संग्राहक शोधत फिरतात, आणि ते योग्यच आहे: त्यांत दोन हातांची कला आहे.

प्लेगच्या काळात छापखाना लोणावळ्याजवळ माळवलीला हलला. पुढे कर्जापायी तो जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांना विकावा लागला. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाआधी या छापखान्यासाठी काम केलं. १९७२ च्या आगीत त्याचं मोठं नुकसान झालं.

मूळ चित्रातली त्वचेची कांती छपाईत उतरली नाही, हे खरं. तरी ज्यांना राजवाड्याचं दार कधीच उघडलं नसतं, त्यांच्या डोळ्यांना या कागदांनीच चित्र पाहायला शिकवलं.

हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. प्रती वाढत गेल्या तशी चित्रकारांची नावं पुसट होत गेली. हातात समई धरलेली, ज्योतीच्या उजेडात न्हालेली ती तरुणी आठवा. 'ग्लो ऑफ होप' हे चित्र सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं. समोर उभी होती त्यांचीच मुलगी. रविवर्मा वारले १९०६ मध्ये, हे चित्र १९४० च्या दशकातलं. तरीही ते सर्रास रविवर्मांच्या नावावर खपतं. शिवाय ते तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे. उजेडाचा असा खेळ पाण्याच्या रंगात साधणं किती अवघड!

आता कॅनव्हासवर हवी ती प्रत हव्या त्या मापात छापून, फ्रेमसकट घरपोच मिळते. मग तिच्या खाली 'सा. ल. हळदणकर, जलरंग, जगनमोहन राजवाडा, म्हैसूर' एवढी ओळही छापून यायला हवी, आणि घेणाऱ्याने ती मागायला हवी.