वयांत येणारीं मुलें आणि गुप्तरोग

सांताक्रूझला पश्चिमेच्या बाजूस, जुहूच्या रस्त्यावर, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचें आवार आहे. ज्या धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं या विद्यापीठाचा पाया घातला, त्यांना आपण महर्षि म्हणतों. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांचें नांव मात्र सुशिक्षित घरांतहि अजून कांहींशा दबक्या आवाजांत निघतें. वडील म्हणाले, मुलींना शिकवा. मुलगा म्हणाला, मुलामुलींना त्यांच्या शरीराविषयीं खरें तें सांगा. पहिली गोष्ट आपण मान्य केली. दुसरी पुरती मान्य केलेली नाहीं, आणि त्याची किंमत आपलीं वयांत येणारीं मुलें देतात.

रघुनाथराव विल्सन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. पुढें गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. या उद्योगापायीं नोकरी गेली. १९२७ च्या जुलैपासून त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' हें मासिक सुरू केलें आणि १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. त्यांच्यावर खटलेहि झाले. त्यांतला १९३४ सालचा खटला लक्षांत ठेवण्यासारखा आहे. अपराध कोणता, तर वाचकांनीं पत्रांतून आपल्या खासगी शंका विचारल्या आणि संपादकांनीं त्यांना सरळ उत्तरें छापलीं! डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांची बाजू न्यायालयांत मांडली; तरी दंड व्हावयाचा तो झालाच.

आज त्याच शंका मनांत घेऊन चौदा-पंधरा वर्षांचीं मुलें आपल्या घरांत वावरत असतात. उत्तर देणारा मात्र बदलला आहे. तें काम आतां हातांतला मोबाइल करतो, आणि त्यावर जें दिसतें त्यांत रोगाचा, भीतीचा किंवा समोरच्या व्यक्तीच्या संमतीचा बहुधा उल्लेखहि नसतो. आपण कांहीं न बोलल्यानें मूल अजाण राहतें, अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी हें बरें.

आतां रोगांकडे वळूं. उपदंशाला आपल्याकडे 'गरमी' म्हणतात. या एका शब्दानें किती घोटाळा केला आहे! अंगांत उष्णता वाढली, थंड पदार्थ खाल्ले कीं उतरेल, असें तो सुचवितो. वस्तुतः हा एका सूक्ष्म जंतूचा रोग असून तो जंतु १९०५ सालीं शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला. आरंभीं संसर्गाच्या जागीं एक व्रण येतो. तो बहुधा दुखत नाहीं, आणि औषध न घेतांहि कांहीं आठवड्यांत भरून येतो. रोग्यास वाटतें, गेलें. पण रोग गेलेला नसतो. तो आंत लपतो, आणि कित्येक वर्षांनीं हृदयावर, मज्जासंस्थेवर आघात करूं शकतो. गर्भवतीकडून तो पोटांतल्या बाळालाहि जातो. १९४३ पासून यावर पेनिसिलीनचा गुण सिद्ध झालेला आहे, आणि वेळेवर निदान झालें तर कांहीं थोड्या टोंचण्यांत रोग बरा होतो. वेळेवर निदान होण्यासाठीं मात्र कोणापाशीं तरी बोलावें लागतें.

परमा व क्लॅमिडिया या रोगांची गोष्ट मुलींच्या बाबतींत याहून कठीण आहे. मुलांना निदान जळजळ होते, स्राव होतो. मुलींना पुष्कळदां कांहींच जाणवत नाहीं. रोग गर्भाशयांतून बीजवाहिन्यांपर्यंत चढतो, तेथें व्रण पडतात, आणि लग्नानंतर मूल कां होत नाहीं म्हणून घरचीं माणसें देवस्थानें शोधीत फिरतात. त्यांतून कोंवळ्या वयांत गर्भाशयमुखाचें आवरण नाजूक असल्यामुळें तेथें रोग लवकर शिरकाव करतो. म्हणजे ज्या वयांत आपण सर्वांत कमी बोलतों, त्याच वयांत धोका अधिक. एड्सच्या विषाणूबद्दल लोकांनीं पुष्कळ ऐकलें आहे; येथें एवढेंच सांगतों कीं, संसर्ग झाल्यानंतर कांहीं दिवस रक्ततपासणींत तो सांपडत नाहीं, आणि औषधें नियमित घेतलीं तर रोगी दीर्घायुषी होऊं शकतो.

निरोधाविषयीं स्पष्ट बोलणें भाग आहे. योग्य रीतीनें व प्रत्येक वेळीं वापरला तर तो एड्सचा विषाणु व परमा यांपासून उत्तम संरक्षण देतो. उपदंश किंवा मस्से हे त्वचेच्या स्पर्शानेंहि पसरतात, म्हणून तेथें संरक्षण मिळतें, पण अपुरें. हें अर्धें सत्य मुलांपासून लपवूं नये, कारण एकदां खोटें सांपडलें कीं पुढचें खरेंहि तीं ऐकत नाहींत.

"पण सांगितल्यानें मुलें बिघडतील!" हा आक्षेप मीं पुष्कळ वेळां ऐकला आहे. २००७ सालीं याच भीतीनें महाराष्ट्रासह कांहीं राज्यांनीं शाळांतील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम रोखून धरला. पुस्तकांतल्या चित्रांवर रोष होता. भीति खोटी म्हणून तिची चेष्टा करणें मला पटत नाहीं, कारण ती मायेपोटींच आलेली असते. पण ती तपासून पाहतां येते, आणि ती तपासलीहि गेली आहे. युनेस्कोनें २०१८ सालीं जगभरच्या पाहण्यांचा आढावा घेतला, तेव्हां नीट शिकविल्यानें मुलें लवकर शरीरसंबंधाकडे वळतात असें आढळलें नाहीं. नुसताच 'दूर रहा' असा उपदेश करणारे कार्यक्रम मात्र निरुपयोगी ठरले.

आणखी एक गोष्ट आईबापांनीं जाणून ठेवावी. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें अठरा वर्षांखालील व्यक्तीशीं आलेला संबंध, संमति असली तरी, गुन्हा ठरतो, व तो कळल्यावर पोलिसांस कळविणें डॉक्टरावरहि बंधनकारक आहे. कायद्याचा हेतु बालकांचें रक्षण हा आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु याच भीतीनें कांहीं मुलें दवाखान्याची पायरी चढत नाहींत. म्हणून रोग होण्यापूर्वींचें ज्ञान त्यांच्यापाशीं अधिकच हवें. शिवाय ज्या मुलाला आपल्या अवयवांचीं नांवें ठाऊक नाहींत, त्यानें कोणा नातलगाचा वाईट स्पर्श सांगावा तरी कोणत्या शब्दांत?

मग आरंभ केव्हां करावा? अवयवांचीं खरीं नांवें पांच-सहा वर्षांच्या वयांतच सांगावीं. न्हाण येण्याआधीं मुलीला, आणि आवाज फुटण्याआधीं मुलाला, पुढें काय होणार तें सांगावें. दोघांनाहि दोन्ही गोष्टी सांगाव्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस नऊ ते चौदा वर्षांच्या वयांत देणें उत्तम, कारण विषाणूशीं गांठ पडण्यापूर्वीं ती घ्यावयाची असते. २०२३ पासून पुण्याच्या सीरम संस्थेची लस बाजारांत मिळूं लागली आहे. टोंचण्याच्या वेळीं मुलगी विचारील, "आई, ही कशासाठीं?" तेव्हां "तापासाठीं" असें सांगूं नये.

आणि लक्षण दिसलेंच, तर औषधाच्या दुकानांतून गोळ्या आणून घरींच रोग दाबूं नये. अशा अर्धवट औषधांनीं परम्याचे जंतु पुष्कळ औषधांस जुमानीनासे झाले आहेत. सरकारी रुग्णालयांतून तपासणी मोफत होते, आणि १०९७ या क्रमांकावर नांव न सांगतां विचारतां येतें. उपचार दोघांनींहि घ्यावयाचा असतो. एकानेंच घेतला तर दुसऱ्याकडून रोग परत येतो.