आईच्या बॅगेतलं लिव्हरचं औषध

वेस्ट बेमध्ये दिवसभर खुर्चीला चिकटून बसणाऱ्या आम्हा आयटीवाल्यांच्या वार्षिक तपासणीत हल्ली दोन शब्द हमखास असतात: फॅटी लिव्हर. माझ्या रिपोर्टात ते आले आणि मी फोनवर आईला बोलून बसलो. पुढच्या महिन्यात ती दोह्याला आली, ती औषधांचा डबाच घेऊन. लिव्ह ५२, आरोग्यवर्धिनी, गुळवेलीच्या गोळ्या, हिंगाष्टक चूर्ण.

कुमारी आसव मात्र मी निघण्याआधीच काढायला लावलं होतं. कोरफडीचा रस, गूळ, मध आणि धायटीची फुलं आंबवून ते बनतं, त्यामुळे त्यात आपोआप अल्कोहोल तयार होतं. बाटलीवर ५ ते १० टक्के असं छापलेलंही असतं. कतारमध्ये प्रवाशाला दारू आणायची बंदी आहे. शिवाय लिव्हरसाठी अल्कोहोल, हा काय हिशेब?

यातलं 'पेटंट औषध' म्हणजे पेटंट कार्यालयाचं पेटंट नव्हे. घटक ग्रंथांतले, पण मिश्रण कंपनीचं स्वतःचं, एवढाच अर्थ. १९५५ पासून मिळणारं लिव्ह ५२ त्यातलंच. आरोग्यवर्धिनीची कृती मात्र ग्रंथातली, त्यामुळे ती अनेक कंपन्या बनवतात. तिच्यात कुटकी असते हे आईला ठाऊक होतं. पारा आणि ताम्रभस्मही असतं, हे मी डबीवर वाचून दाखवलं तेव्हा ती गप्प झाली.

खरी काळजी गुळवेलीची. कोविडच्या काळात घरोघर काढे उकळले गेले. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले, सगळे गुळवेल घेणारे. त्यातली एक बाई दगावली. आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य नव्हता. पण २०२२ मध्ये भारतातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, त्यातही तेच दिसलं.

म्हणून मी सगळ्या लेबलांचे फोटो काढून इथल्या डॉक्टरांना दाखवले. आपल्यापैकी बरेच जण 'कुठली औषधं घेता?' याला 'काहीच नाही' म्हणतात, कारण घरचं औषध आपण औषधात धरतच नाही. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय, आणि वजन कमी करायला. आईनं तीन डब्या परत बॅगेत भरल्या. हिंगाष्टक स्वयंपाकघरात राहिलं: पहिल्या घासाला, गरम भात आणि तुपाबरोबर.