तिसऱ्या आठवड्यातला ताप

कॅथ लॅबमध्ये पेशंटच्या उजव्या बरगड्यांखाली टेक्निशियनचा तळहात टेकलेला आहे. आत उजवीकडच्या वरच्या फुप्फुसशिरेच्या तोंडाशी थंड बलून फुगवलाय, आणि श्वासपटल हलवणारी नस तिथून अगदी जवळून जाते. तिला मुद्दाम विजेचे बारीक झटके देतात. दर झटक्याला पोट उचकी लागल्यासारखं उडतं. ते उडणं मंदावलं, की टेक्निशियन ‘स्टॉप’ म्हणतो आणि गोठवणं जागच्या जागी थांबतं. महागड्या यंत्रांच्या त्या खोलीत डॉक्टर या हातावर विसंबतात, हे मला फार मोलाचं वाटलं.

हृदयाची लय बिघडवणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनचे ठोके बहुधा याच शिरांमधून सुरू होतात, हे बोर्दोच्या मिशेल हाइसागेर यांनी १९९८ मध्ये दाखवलं. म्हणून शिरांच्या तोंडाभोवती जाळून किंवा गोठवून व्रणाचं कडं करतात; यालाच ॲब्लेशन म्हणतात. क्वचित, शंभरात साधारण एखाद्याला, हृदयाला भोक पडतं आणि रक्त भोवतीच्या पिशवीत साचतं. बीपी झरझर उतरतं. पण सुई घालून रक्त काढणारे हात तिथेच असतात.

मला धास्ती वाटते ती घरी गेल्यावरच्या गुंतागुंतीची. डाव्या कर्णिकेची मागची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड, आणि तिला लागूनच अन्ननलिका. जाळताना अन्ननलिकेत तापमापक तार ठेवतात, आकडा चढला की थांबतात. तरीही काहींच्या अन्ननलिकेला आतून व्रण होतो, आणि हजारात एकाहून कमी जणांत, बहुधा दोन ते चार आठवड्यांनी, हृदय आणि अन्ननलिका यांच्यात वाट पडते. ताप येतो, गिळताना दुखतं, कधी थेट लकवाच होतो. तोवर मांडीवरची, नळी घातल्याची जखम भरलेली असते, पेशंट गावी असतो; तिथल्या डॉक्टरांना टायफॉइड वाटला तर त्यांचा दोष नाही. घशातून दुर्बीण घातली, तर तिच्यातून भरलेली हवा हृदयात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकते. म्हणून आधी छातीचा सीटी स्कॅन, आणि निदान झालं की तातडीनं शस्त्रक्रिया. एवढं करूनही अनेक जण दगावतात.

उष्णतेऐवजी विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी करायची नवी पद्धत अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मंजूर झाली. तिच्यात अन्ननलिकेला धोका बराच कमी दिसतो. पण जाळण्याची पद्धत अजून चालूच आहे. मी पाहिलेल्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा होत्या, जड उचलू नका असं होतं. तापाबद्दल अक्षर नव्हतं. दोन महिन्यांत ताप आला, गिळताना दुखलं, तर कुठल्याही डॉक्टरांना आधी ॲब्लेशन झाल्याचं सांगा आणि जिथे ते झालं तिथे फोन करा, हे त्या कार्डावर ठळक मराठीत छापलंच पाहिजे.