दोरी ओढायचा हक्क

भाजणीचं प्रमाण कागदावर लिहून घेता येतं, पण 'खमंग वास येईपर्यंत' म्हणजे किती, ते भाजणाऱ्या बाईच्या शेजारी उभं राहूनच कळतं. दोन देशांच्या कंपन्या मिळून कारखाना काढतात, तेव्हा तिथल्या साहेबलोकांचीही हीच अडचण असते बरं का!

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. भांडणं, दांड्या, संप, सगळं होतं. १९८२ साली तो बंद पडला. मग जपानच्या टोयोटाशी भागीदारी झाली आणि १९८४मध्ये तोच कारखाना 'नुमी' या नावाने सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच! त्यातल्या शेकडो जणांना टोयोटाने जपानला नेऊन आपल्या माणसांशेजारी उभं केलं. तिथे लाइनवर एक दोरी असते. काही चुकतंय असं वाटलं, की कुणीही ती ओढायची. वरचा माणूस धावत येतो, तो ओरडायला नाही, मदतीला. तेवढ्यात नाहीच जमलं, तर लाइन थांबते. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं म्हणजे महापाप! थोड्याच काळात इथल्या गाड्या जपानी गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या.

अमेरिकन माणसांबरोबर काम कसं करायचं, हे टोयोटाला शिकायचं होतं. ते शिकून तिने केंटकीत स्वतःचा कारखाना थाटला. जनरल मोटर्सचे मॅनेजरही शिकले की, पण परतल्यावर एकेकटे कुठेकुठे विखुरले. भरल्या घरात नव्या सुनेने एकटीनेच नवी रीत आणायची म्हटली, तर तिचं कोण ऐकतं? कंपनीत ते ज्ञान मुरायला फार वर्षं गेली. २००९मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली, भागीदारीही सोडली. २०१०मध्ये 'नुमी' बंद झाला आणि ती जागा टेस्लाने घेतली.

माझी भाची चाकणला अशाच एका भागीदारीतल्या कंपनीत आहे. तीन महिने जपानला राहून दोन वह्या भरून टिपणं घेऊन आली, आणि आल्या आल्या तिची बदली झाली खरेदी विभागात! ''मावशी, वह्या कुणी उघडूनसुद्धा बघितल्या नाहीत गं,'' म्हणाली. मला तर संतापच आला. विमानाच्या तिकिटाला पैसे आहेत आणि पोरीचं ऐकून घ्यायला अर्धा तास नाही?

हल्ली जेवणाच्या सुट्टीत ती लाइनवरच्या दोघी मुलींना रोज वहीतलं एकेक पान समजावून सांगते. साहेबांना अजून पत्ता नाही.