विहिरीतला तांबडा पट्टा काय सांगतो?

मैत्रिणींनो, नवी विहीर खणताना वरून काय काय लागतं, ते आपल्याला पाठ आहे. आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पण कधी कधी पाषाण फोडल्यावर खाली पुन्हा एक तांबडा, मऊ पट्टा लागतो. कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. त्याला आपण गेरूचा थर म्हणतो. घाटात रस्त्याच्या कडेलाही तो लांबवर गेलेला दिसतो. आता दगडाखाली माती आली कशी?

आपला काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हारस. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तो जमिनीच्या भेगांतून बाहेर आला आणि थरावर थर साचले. पण तो सारखा वाहत नव्हता, मध्ये मध्ये थांबायचा. बराच काळ थांबला, की वरचा दगड उन्हापावसात झिजून त्याची माती व्हायची. पुन्हा रस आला, की ती माती गाडली जायची. तोच हा पट्टा. काही ठिकाणी ज्वालामुखीच्या राखेचीही अशी माती झाली आहे.

ओळखायचं कसं? पट्ट्याची खालची कड बघा. तिथे दगड हळूहळू मऊ होत मातीत मिसळतो, आपल्या शेतात मुरमाची माती होते तसाच. वरची कड मात्र विळीने कापल्यासारखी असते. दगडातल्या लोखंडाला हवा-पाणी लागलं, तवा गंजतो तसं, म्हणून रंग लाल. वरून तापलेला रस बसल्याने माती विटेसारखी भाजली, ते वेगळंच.

गाडलेली माती नदीकाठीही सापडते. गोदावरी, प्रवरेच्या उंच दरडींत पांढऱ्या चुनखडीच्या खड्यांचे पट्टे दिसतात. पाऊस बेताचा असला की चुना धुऊन जात नाही, मातीतच साकळतो. म्हणजे ते दिवस कोरडे होते, असं ते खडे सांगतात.

याचा आपल्याला उपयोग काय? गेरूतून पाणी सहज झिरपत नाही, म्हणून बऱ्याचदा ते त्याच्या वर अडतं. भिजला की गेरू ढासळतो, तेव्हा विहिरीत त्या जागी पक्कं बांधकाम हवंच. नवी विहीर ठरवताना शेजारच्या विहिरींत हा पट्टा किती खोल आहे, ते आधी बघा. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात विचारायला जाल, तेव्हा ही माहिती सांगा.

आणि दुसरी गोष्ट. इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. वीटभट्टीवाला तीच माती एका दुपारी ट्रॉलीत भरून नेतो. पैसे महिन्यात संपतात, वावर मात्र कायमचं उघडं पडतं. घरात माती विकायचा विषय निघाला, तर बाईने गप्प बसू नये. पुढच्या बैठकीत आपल्या गावातल्या विहिरींची अशी यादी करू या आणि बांधबंदिस्तीचंही बोलू या.